शिक्षकाचे प्रयाण आणि विद्यार्थ्यांचा ओघ : अमळनेर येथील तीन प्रसंग (१९२३–१९३५)

शिक्षणसंस्थांचे इतिहास लिहिताना इमारती, देणग्या, विद्यार्थिसंख्या व परीक्षांचे निकाल ह्यांची नोंद करण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. विद्यार्थी एखाद्या संस्थेत कोणाकडे पाहून आला, हा प्रश्न मात्र अशा इतिहासांत सहसा विचारला जात नाही. विचारला तरी त्याचे उत्तर संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी ग्रंथातील गौरवपर वाक्यांत विरून जाते. वस्तुतः हा प्रश्न एका विशिष्ट प्रसंगी आपोआप उघडा पडतो. तो प्रसंग म्हणजे शिक्षकाचे प्रयाण. ज्याच्याकडे पाहून मुले आली तो निघून गेला म्हणजे मुलांच्या येण्यामागे संस्था किती होती आणि माणूस किती होता, ह्याची जणू तोडमोड न करता चाचणी होते.

अमेरिकेत ही चाचणी दर वर्षी सार्वजनिकरीत्या होत असते. तेथील महाविद्यालयांतून खेळला जाणारा फुटबॉल आपल्या पायचेंडूहून वेगळा. परंतु त्याच्याभोवती महाविद्यालयाची प्रतिष्ठा, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या आणि नव्या खेळाडूंची भरती ही सारी गुंफलेली असतात. नोत्र दाम विद्यापीठाचा नूट रॉक्नी हा प्रशिक्षक १९१८ पासून १९३० पर्यंतच्या तेरा हंगामांत १०५ सामने जिंकला आणि केवळ १२ हरला. ३१ मार्च १९३१ रोजी कॅन्सस राज्यात विमान कोसळून तो मृत्यू पावला. त्याच्याच तालमीत वाढलेल्या हंक अँडरसन ह्याच्याकडे संघाची सूत्रे आली. विद्यापीठ तेच होते, मैदान तेच होते, पहिल्या वर्षी तर बरेचसे खेळाडूही रॉक्नीनेच निवडलेले होते. तरीही पुढील तीन हंगामांत संघाने सोळा सामने जिंकले, नऊ गमावले आणि १९३३ अखेर अँडरसनला जावे लागले. ह्या अनुभवांतून शहाणी झालेली अमेरिकन महाविद्यालये पुढे करारपत्रे लिहून घेऊ लागली. १९६४ पासून प्रचारात आलेल्या राष्ट्रीय संमतिपत्रात विद्यार्थ्याची सही संस्थेशी असून विशिष्ट प्रशिक्षकाशी नाही, असे स्पष्ट कलम होते. हे कलम लिहावे लागले ह्यातच सर्व काही आले. मुले प्रशिक्षकासाठी येतात हे सर्वांना ठाऊक होते. म्हणून तर ते कागदावर नाकारावे लागले. २०२४ मध्ये ते संमतिपत्रच रद्द झाले. प्रशिक्षक बदलल्यावर खेळाडूंना ठरावीक दिवसांत दुसरी संस्था निवडण्याची मोकळीकही नियमांनी दिली. साठ वर्षे कागदावर नाकारलेली गोष्ट अखेर नियमातच मान्य करावी लागली.

आपल्याकडे असा कागद कधी नव्हता. पण व्यवहार निराळा नव्हता. मुंबईच्या शालेय क्रिकेटमध्ये रमाकांत आचरेकर ह्यांच्या सांगण्यावरून वांद्र्याच्या शाळेतील सचिन तेंडुलकर दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिरात दाखल झाला आणि फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात त्याने व विनोद कांबळीने ६६४ धावांची अभेद्य भागी केली, हे सर्वश्रुत आहे. तेथे मुलाने शाळा निवडली नव्हती, गुरू निवडला होता. गुरूबरोबर शाळा आली. कोल्हापूरच्या तालमींतही मल्ल वस्तादाच्या नावाने ओळखला जातो, तालमीच्या नावाने नंतर.

प्रस्तुत लेखात हाच प्रश्न खानदेशातील अमळनेर ह्या गावापुरता पाहावयाचा आहे. गाव निवडण्याचे कारण केवळ स्थानिक अभिमान नव्हे. बोरी नदीच्या काठचे, ताप्ती खोऱ्यातील सुरत-भुसावळ लोहमार्गावरचे हे एक गिरणीचे गाव. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत, अवघ्या बारा वर्षांच्या अवधीत, तेथून तीन असे शिक्षक निघून गेले की ज्यांपैकी कोणाही एकाच्या नावाने एखाद्या मोठ्या शहराने स्वतःस धन्य मानावे. तिघांची क्षेत्रे भिन्न होती. एकाचे शरीर व योग, दुसऱ्याचे शालेय मुलांचे मन, तिसऱ्याचे शुद्ध तत्त्वचिंतन. तिघांच्याही पाठीमागे कमीअधिक प्रमाणात श्रीमंत प्रतापशेठ ह्यांच्या औदार्याने उभे राहिलेले गाव होते. आणि तिघांच्या जाण्याचे परिणाम तीन प्रकारचे झाले. संशोधकाला ह्याहून सोयीची परिस्थिती क्वचितच लाभते.

पहिला प्रसंग जगन्नाथ गणेश गुणे ह्यांचा. पुढे स्वामी कुवलयानंद ह्या नावाने ते जगप्रसिद्ध झाले. १८८३ साली गुजरातेतील डभोई येथे त्यांचा जन्म झाला. बडोद्यास जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न प्रो. माणिकराव ह्यांच्या हाताखाली १९०७ ते १९१० ह्या काळात त्यांनी देशी व्यायामाचे शिक्षण घेतले. ह्या अर्थाने तिघांपैकी खरोखर ज्याला ‘प्रशिक्षक’ म्हणता येईल असे तेच. अमळनेरला खानदेश शिक्षण मंडळाच्या संस्थांतून त्यांनी अध्यापन केले आणि असहकाराच्या काळात तेथे चाललेल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते. ह्याच सुमारास माळसर येथील परमहंस माधवदास ह्यांच्याकडून त्यांना योगाची दीक्षा मिळालेली होती, आणि योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासण्याचे त्यांचे प्रयोगही चालू झाले होते.

१९२३ मध्ये राष्ट्रीय महाविद्यालय बंद पडले. येथे अमेरिकन उदाहरणाच्या अगदी उलट क्रम दिसतो. गुरू गेला म्हणून विद्यार्थी थांबले असे नव्हे. संस्था मिटली म्हणून गुरू मोकळा झाला. राष्ट्रीय शाळा-महाविद्यालयांचा ओघ हा कोणा एका प्राचार्याच्या आकर्षणावर नव्हे, तर चळवळीच्या भरतीवर अवलंबून होता. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौऱ्यानंतर असहकार थांबला आणि देशभर अशा संस्थांची भरती ओसरू लागली. सरकारी परीक्षा व नोकरी ह्यांचा मार्ग सोडून आलेला मुलगा चळवळ थांबल्यावर पालकांना काय सांगणार? सरकारची वक्र दृष्टी होतीच. अशा वेळी उत्तमातला उत्तम प्राचार्यही विद्यार्थ्यांचा ओघ टिकवू शकत नाही. शिक्षकाच्या आकर्षणाची ही पहिली मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. कारण पुढील विवेचनात त्या आकर्षणाबद्दल पुष्कळ लिहावयाचे आहे.

गुणे ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्यास गेले आणि तेथे त्यांनी कैवल्यधामाची स्थापना केली. ‘योगमीमांसा’ हे त्यांचे इंग्रजी त्रैमासिक त्याच वर्षी निघाले. ह्या घटनेकडे भरतीच्या दृष्टीने पाहिले असता एक गोष्ट ठळकपणे दिसते. अमळनेरचा प्राचार्य ज्या मुलांना शिकवीत होता ती खानदेशातील खेड्यापाड्यांची व पेठांची मुले होती. लोणावळ्याच्या आचार्याकडे येणारा विद्यार्थी नियतकालिक वाचून येई, प्रयोगाची कीर्ती ऐकून येई. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील येल विद्यापीठातून कोवूर बेहानन हे मानसशास्त्राचे अभ्यासक कैवल्यधामात येऊन राहिले आणि त्यांचा योगावरील ग्रंथ १९३७ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे गुरूचे स्थलांतर झाले तेव्हा त्याच्याबरोबर जुना ओघ वळला नाही. गुरूने दुसऱ्या पाणलोटातून नवा ओघ आणला. अमळनेरात मागे राहिली ती एक बंद झालेली संस्था व एक रिकामी जागा. ती जागा पुढच्याच वर्षी वेगळ्या माणसाने, वेगळ्या संस्थेत आणि अगदी वेगळ्या रीतीने भरून काढली.

पांडुरंग सदाशिव साने हे मूळचे कोकणातील पालगडचे. जन्म २४ डिसेंबर १८९९. पुण्यास बी. ए. झाल्यावर ते अमळनेरला आले ते शाळेत शिकविण्यासाठी नव्हे, तर तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यास करण्यासाठी. प्रतापशेठ ह्यांनी १९१६ साली स्थापिलेल्या ह्या मंदिराने त्यांना गावात आणले. ते मात्र तेथे फार काळ रमले नाहीत. १९२४ मध्ये एम. ए. होऊन ते खानदेश शिक्षण मंडळाच्या शाळेत, म्हणजे पुढे प्रताप हायस्कूल म्हणून प्रसिद्ध झालेल्या शाळेत, शिक्षक झाले. तत्त्वज्ञान मंदिराने आजवर जे अभ्यासक आकर्षित केले त्यांत महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत मोठा तो ठरला की ज्याने मंदिर सोडले. विद्वानांच्या भरतीचा हिशेब हा असा उफराटा असतो.

शाळेत ते मराठी, संस्कृत, इतिहास शिकवीत. परंतु त्यांच्या कार्याचे खरे क्षेत्र छात्रालय हेच होते. खानदेशातील छात्रालय म्हणजे काय हे येथे थोडे सांगितले पाहिजे. अमळनेर, पारोळे, चोपडे ह्या तालुक्यांतील खेड्यांमधून चौथी-पाचवी इयत्ता संपली की इंग्रजी शिक्षणाची वाट बंद होई. कापसाचे शेत असलेल्या कुणबी-पाटलाने मुलास जळगावास वा धुळ्यास ठेवावे तर खर्च आणि नातलग दोहोंची अडचण. आगगाडीच्या वा बैलगाडीच्या टप्प्यात असलेले, गिरणीमुळे वर्दळीचे झालेले अमळनेर त्याला सोयीचे पडे. म्हणजे छात्रालयातील बहुतेक मुले प्रथमतः भूगोलाने आणलेली होती. साने गुरुजींसाठी ती घरून निघाली नव्हती. आल्यानंतर मात्र ती गुरुजींची झाली.

हे कसे झाले ह्याची साक्ष त्यांच्या सहवासात वाढलेल्या पिढीने वारंवार दिली आहे. मुले शाळेत गेल्यावर छात्रालयप्रमुख त्यांच्या खोल्या झाडून ठेवीत, अंथरुणे नीट करीत, कंदिलांच्या काचा पुसून ठेवीत. आजारी मुलाच्या उशाशी बसणे हे तर नित्याचेच होते. शिस्तीचे नियम फळ्यावर लिहून लावण्याच्या त्या काळात हा प्रकार मुलांना चमत्कारिक वाटला असला पाहिजे. दोन-चार दिवस खोली कोण झाडते हे न कळलेल्या मुलाला ते कळले म्हणजे तो पुढे आपली खोली स्वतःच झाडू लागे. शिस्त लागली ती अशी. त्याच्या जोडीला हस्तलिखित ‘छात्रालय’ दैनिक होते. ते गुरुजी पहाटे उठून स्वतःच्या हाताने लिहीत आणि त्यात देशोदेशीच्या थोरांच्या कथा, वर्तमान घडामोडी, मुलांच्या चुकांवर हळुवार टीका असा सर्व मजकूर असे. १९२८ च्या सुमारास ‘विद्यार्थी’ हे मुद्रित मासिक सुरू झाले आणि छात्रालयाच्या भिंतींबाहेरची मुलेही वाचक झाली. भरतीच्या भाषेत बोलावयाचे तर अमळनेरच्या शिक्षकाची कक्षा प्रथमच बैलगाडीच्या टप्प्याबाहेर गेली.

दांडीयात्रा १२ मार्च १९३० रोजी निघाली, ६ एप्रिलला मीठ उचलले गेले आणि त्याच एप्रिलच्या अखेरीस साने गुरुजींनी शाळा सोडली. जेमतेम सहा वर्षांची ही नोकरी. लवकरच त्यांना अटक झाली. धुळ्याच्या तुरुंगातून त्यांची रवानगी त्रिचनापल्लीस झाली.

आता आपला प्रश्न. शाळेचा व छात्रालयाचा ओघ आटला काय? शाळा चालू राहिली, वाढली. ह्याच मंडळाने १९४५ साली अमळनेरला महाविद्यालयही काढले आणि ते प्रताप महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. वर सांगितलेला भूगोल गुरुजींबरोबर तुरुंगात गेला नव्हता. दरवर्षी ज्येष्ठात शाळा उघडली की पत्र्याची पेटी व वळकटी घेऊन खेड्यांतून मुले येतच राहिली. पटावर ज्यांची नावे चढावयाची ती चढली. ह्यावरून शिक्षकाच्या प्रयाणाचा परिणाम झाला नाही असा निष्कर्ष कोणी काढील तर तो पट वाचील, इतिहास वाचणार नाही. कारण येथे शिक्षक संस्थेतून गेला तेव्हा ओघ कमी झाला नाही, ओघ दुभंगला. एक प्रवाह शाळेकडे वाहत राहिला; दुसरा शिक्षकाच्या पाठोपाठ चळवळीकडे वळला.

ह्या दुसऱ्या प्रवाहाचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे. नोत्र दामचा खेळाडू गुरूमागे गेला असता तर तो दुसऱ्या विद्यापीठात गेला असता. तेथेही मैदान, वसतिगृह, शिष्यवृत्ती हे सारे त्याला मिळाले असते. साने गुरुजींच्या मागे जाणाऱ्या मुलापुढे असे काही नव्हते. त्याला शाळा सोडावी लागे, वडिलांचा रोष पत्करावा लागे आणि पुढे तुरुंग असे. अशा अटींवर झालेली भरती ही संख्येने लहान पण वजनाने फार मोठी असते. एखाद्या शेतकऱ्याने कर्ज काढून शिकविलेला मुलगा असा निघून गेल्यावर त्या घरात काय झाले असेल, ह्याचाही विचार इतिहासकाराने केला पाहिजे. गुरुजींविषयीचा आदर त्याआड येता कामा नये. हा ताण स्वतः गुरुजींच्या लेखनातही आहे. ‘धडपडणारी मुले’ ह्या कादंबरीत छात्रालय, त्यातील मुले व त्यांचा वत्सल शिक्षक ह्यांचे जे चित्र येते, त्यामागे अमळनेरचे दिवस आहेत हे उघड आहे.

तुरुंग हे त्यांचे पुढचे छात्रालय झाले. १९३२ साली धुळ्याच्या कारागृहात २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले आणि ती अठरा प्रवचने साने गुरुजींनी उतरून घेतली. ह्या प्रसंगी शिक्षक स्वतःच विद्यार्थी होऊन बसला. ‘गीता प्रवचने’ ह्या ग्रंथाचे अस्तित्व ह्या बैठकीवर उभे आहे. पुढे नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये, अवघ्या काही दिवसांत, ‘श्यामची आई’ लिहून झाली. १९३५ साली ती प्रसिद्ध झाली. ह्या पुस्तकाची रचना आमच्या विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. त्यातील प्रकरणांना प्रकरण म्हटलेले नाही, ‘रात्र’ म्हटले आहे. आश्रमात सायंप्रार्थनेनंतर मंडळी जमतात आणि श्याम त्यांना आपल्या आईच्या आठवणी सांगतो, अशी ती योजना. दिवे लागल्यावर मुलांना जवळ बसवून गोष्ट सांगणारा छात्रालयप्रमुख नोकरी सोडून गेला होता. त्याची संध्याकाळ मात्र पुस्तकात शाबूत राहिली. ज्या मुलाने अमळनेर पाहिले नव्हते, ज्याच्या गावी छात्रालय नव्हते, तोही आता त्या बैठकीत येऊन बसू लागला. १९५३ साली आचार्य अत्रे ह्यांनी ह्या पुस्तकावर चित्रपट काढला आणि राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळविणारा पहिला चित्रपट म्हणून तो गाजला, तेव्हा वाचता न येणाऱ्यांचाही त्या बैठकीत प्रवेश झाला. १९२८ च्या मासिकाने जी कक्षा थोडीशी वाढविली होती, ती प्रयाणानंतर महाराष्ट्राएवढी झाली.

खानदेशापुरते पाहिले तरी परिणाम कमी नाही. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला भरलेले काँग्रेसचे अधिवेशन हे खेड्यात भरलेले पहिलेच अधिवेशन. त्याच्या प्रचारासाठी गुरुजी गावोगाव हिंडले. १९३८ मध्ये त्यांनी ‘काँग्रेस’ साप्ताहिक सुरू केले. गिरणी कामगार व शेतकरी ह्यांच्या प्रश्नांत ते उतरले. म्हणजे ज्या गावात ते शेठजींच्या नावाच्या शाळेत शिक्षक होते, त्याच गावात ते कामगारांच्या बाजूने उभे राहिले. १९४२ च्या आंदोलनात अमळनेर तालुक्यातील डांगरीचे डॉ. उत्तमराव पाटील व लीलाताई पाटील ह्यांच्यासारखे कार्यकर्ते पुढे आले आणि ९ सप्टेंबर रोजी नंदुरबारला शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा गोळीबारात हुतात्मा झाला. ह्या सर्वांचे श्रेय एका शिक्षकाला देणे हा इतिहासाशी अन्याय होईल. खानदेशात सत्यशोधकी जागृतीची, सहकाराची, राष्ट्रीय शिक्षणाची पूर्वपरंपरा होतीच. परंतु गावागावांतील तरुण मुलांशी शिक्षकाच्या नात्याने बोलणारा आणि त्यांनी ज्याला त्याच नात्याने ओळखावे असा पुढारी ह्या प्रदेशाला लाभला, ही गोष्ट १९३० च्या एप्रिलमधील राजीनाम्यावाचून घडली नसती. ‘गुरुजी’ ही उपाधी त्यांना चिकटली ती शाळेत. ती सार्वत्रिक झाली शाळा सोडल्यावर.

येथे एक विषयान्तर क्षम्य ठरावे. अमळनेरला प्रयाणाच्या प्रश्नाचे एक फार जुने उत्तर बोरीच्या पात्रात उभे आहे. संत सखाराम महाराजांची समाधी तेथे आहे आणि त्यांच्या संस्थानाची गादी परंपरेने चालत आली आहे. वैशाख शुद्ध एकादशीस रथ निघतो, पौर्णिमेस पालखी निघते. माणसे येतात ती गादीवर आज कोण आहे ह्याचा विचार करून नव्हे. गादी ही संस्था व्यक्तीच्या जाण्यावर उतारा म्हणूनच निर्माण झालेली असते. तीत गुरूचे आकर्षण पुढच्या गुरूकडे विधिपूर्वक सोपविले जाते. शाळेला अशी सोय नाही. छात्रालयप्रमुखाचे पद दुसऱ्यास देता येते, कंदिलाची काच पुसण्याची वृत्ती देता येत नाही. नव्या माणसाने ती अनुकरणाने आणली तर मुलांच्या ते तत्काळ लक्षात येते.

तिसरा प्रसंग तत्त्वज्ञान मंदिराचा. तो सर्वांत कमी परिचित आणि, आमच्या मते, शिक्षणसंस्थांच्या इतिहासकाराला सर्वांत बोधक आहे. छात्रालयात मुले भूगोलाने येत. तत्त्वज्ञान मंदिराला भूगोलाचा काडीचाही आधार नव्हता. अद्वैत वेदान्ताचा पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या पार्श्वभूमीवर अभ्यास करण्यासाठी कलकत्त्याच्या वा मद्रासेच्या तरुणाने कापसाच्या व्यापाराच्या गावी का यावे? विद्यापीठ नाही, पदवी नाही, ग्रंथालय म्हणाल तर शेठजींनी उभारलेले. मंदिराने देऊ केलेल्या गोष्टी तीनच होत्या. राहण्या-जेवण्याची सोय व विद्यावेतन, निर्वेध वेळ, आणि ज्याच्याशी वाद घालावा असे सोबती. पहिल्या दोन गोष्टी पैशाने होतात. तिसरी केवळ माणसांनी होते. म्हणून येथील भरती संपूर्णतः नावांवर अवलंबून होती.

सिंधमधून आलेले घनश्यामदास रतनमल मलकानी ह्यांनी हे नेमके ओळखले होते असे दिसते. १९२५ पासून मंदिराचे ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे इंग्रजी त्रैमासिक निघू लागले आणि त्याच्या मुखपृष्ठावरील अमळनेर हे नाव देशभरच्या तत्त्वज्ञान-विभागांतून पोहोचले. त्याच वर्षी भारतीय तत्त्वज्ञान परिषदेचे पहिले अधिवेशन कलकत्त्यास भरले होते. विषयाला नवे वाचक मिळत होते. बंगालचे कृष्णचंद्र भट्टाचार्य हे त्या पिढीतील सर्वांत खोल व सर्वांत दुर्बोध चिंतक मानले जातात. त्यांचा ‘द सब्जेक्ट ॲज फ्रीडम’ हा ग्रंथ १९३० साली अमळनेरच्या ह्या संस्थेनेच प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ते सरकारी शिक्षणखात्यातून निवृत्त झाले आणि १९३३ ते १९३५ ह्या काळात मंदिराचे संचालक म्हणून राहिले. रासविहारी दास, टी. आर. व्ही. मूर्ती ह्यांच्यासारखे तरुण अभ्यासक ह्या वर्तुळातील. १९३३ साली मलकानी, दास व मूर्ती ह्यांनी मिळून लिहिलेला ‘अज्ञान’ हा ग्रंथ लंडनहून प्रसिद्ध झाला. तिघांनी एकाच प्रश्नावर परस्परविरोधी भूमिका मांडून एकाच पुस्तकात छापाव्या, हा प्रकार त्या काळच्या भारतीय विद्यापीठांत सहसा दिसत नसे. सिंध, बंगाल आणि द्रविड देश येथील तीन माणसे बोरीकाठी बसून अज्ञानाच्या स्वरूपाविषयी भांडतात, हे दृश्यच मोठे रम्य आहे. गावातील लोकांना त्याचे काय वाटत असेल कोण जाणे!

१९३५ मध्ये भट्टाचार्य कलकत्ता विद्यापीठातील पंचम जॉर्ज अध्यासनावर गेले. निवृत्त झालेल्या माणसाला साठीच्या उंबरठ्यावर देशातील तत्त्वज्ञानाचे सर्वांत मानाचे पद मिळावे, ह्यात गैर काही नाही. मंदिराचे दिवे त्यामुळे मालवले नाहीत. मलकानी होते, त्रैमासिक होते, विद्यावेतनाची व्यवस्था होती. त्रैमासिक तर पुढे तीस वर्षे, १९६६ पर्यंत, चालले. ह्या दृष्टीने पाहता मंदिराने प्रयाणाचा धक्का शाळेपेक्षाही चांगला पचविला असे म्हणता येईल. आणि तो पचविला तो छापखान्याच्या बळावर. माणूस गेला तरी त्याचा लेख पुढील अंकात येऊ शकतो. राहणारा नव्हे पण लिहिणारा विद्वान संस्थेशी बांधून ठेवण्याची ही युक्ती अमेरिकन संमतिपत्रापेक्षा अधिक सभ्य आणि अधिक परिणामकारक होती.

परंतु दुसरी बाजूही आहे. आज तत्त्वज्ञानाचा अभ्यासक अमळनेरचे नाव घेतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा भट्टाचार्य, दास, मूर्ती, मलकानी हीच नावे येतात. मूर्ती पुढे काशी हिंदू विश्वविद्यालयात गेले आणि १९५५ साली माध्यमिक बौद्ध दर्शनावरील त्यांच्या इंग्रजी ग्रंथाने त्यांना जागतिक कीर्ती मिळाली. दास कलकत्त्यास अध्यापक झाले. त्यांच्या तोलाची दुसरी फळी मंदिरात उभी राहिली नाही. ह्याचे कारण केवळ भट्टाचार्यांच्या जाण्यात शोधणे मला बरोबर वाटत नाही. भट्टाचार्य गेले ते कोठे? विद्यापीठात. मूर्ती व दास गेले तेही विद्यापीठांत. १९२० ते १९५० ह्या काळात हिंदुस्थानात नवी विद्यापीठे निघाली, जुन्यांतून पदव्युत्तर विभाग वाढले आणि तत्त्वज्ञानाच्या तरुण पदवीधराला पगार, बढती व निवृत्तिवेतन असलेली जागा मिळू लागली. शेठजींचे विद्यावेतन १९२० साली उदार होते. १९५० साली ते विद्यार्थिदशेचे वेतन झाले. त्याशिवाय गिरणीच्या नफ्यावर पोसलेल्या दानाला गिरणीचेच चढउतार लागू असतात. भट्टाचार्यांचे प्रयाण ह्या दीर्घ ओहोटीचे कारण नव्हते, तिची पहिली ठळक खूण होती. भरती-ओहोटीच्या संदर्भात एका माणसाच्या जाण्याला लोक कारण समजतात, ते पुष्कळदा असे लक्षण असते. राष्ट्रीय महाविद्यालयाच्या बाबतीतही आपण हेच पाहिले.

तरीही लक्षण आणि कारण ह्यांची अशी साफ वाटणी करता येत नाही हे मान्य केले पाहिजे. पदव्युत्तर विभागांचे आकर्षण १९३३ सालीही होते. तरी मूर्ती व दास त्या वेळी अमळनेरला होते. ज्याच्याशी वाद घालावा असा माणूस जोवर तेथे होता तोवर कमी पैसा चालत होता. तो गेल्यावर तोच पैसा कमी वाटू लागला. विद्यावेतनाची किंमत रुपयांत असते हे खरे, पण तिचा भाव सोबतीवर ठरतो. शाळेच्या छात्रालयातही हेच होते. भाकरी तीच, कंदील तोच. त्याची काच कोणी पुसली ह्यावर ते छात्रालय की खानावळ हे ठरत होते.

१९६६ नंतर त्रैमासिक बंद राहिले. पुढे मंदिराचे तत्त्वज्ञान केंद्रात रूपांतर होऊन ते पुणे विद्यापीठाशी जोडले गेले आणि १९७३ च्या ऑक्टोबरात ‘इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ ह्या नावाने त्रैमासिकाची नवी मालिका पुण्याहून सुरू झाली. अमळनेरला इमारत, ग्रंथसंग्रह व शेठजींचे नाव राहिले. १९३० पूर्वी त्या वास्तूत काही काळ राहून मग शाळेकडे गेलेल्या पालगडच्या तरुणाचे नाव गावाने आणखी एकदा पुढे आणले ते फेब्रुवारी २०२४ मध्ये. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ९७ वे अधिवेशन अमळनेरला भरले तेव्हा त्या संमेलननगरीला साने गुरुजींचे नाव देण्यात आले होते.